आकाशातला माग

आमचं गाव टेमघर. नाव ऐकलं की निम्मे लोक म्हणतात, "अरे वा, म्हणजे धरणाजवळ राहता तुम्ही!" नाही हो! ते टेमघर धरण पुणे जिल्ह्यात, मुठा नदीवर. आमचं टेमघर ठाणे जिल्ह्यात, भिवंडीत. आमच्याकडे धरण नाही, पण पाण्याशी नातं मात्र आहे. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी आमच्या टेमघरला येतं, इथं शुद्ध होतं आणि मग ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जातं. त्या योजनेचं नावच मुळी 'शहाड-टेमघर'!

पण आमची खरी ओळख म्हणजे आवाज. खटक्-खटक्, खटक्-खटक्! यंत्रमागांचा. भिवंडीला उगाच नाही 'भारताचं मँचेस्टर' म्हणत. माझे वडील मागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्यामुळे मी त्या आवाजातच झोपले, त्या आवाजातच पाढे पाठ केले. अजूनही माग बंद असले की मला रात्री जाग येते. वाटतं, काहीतरी चुकलं!

मी इथल्याच एका शाळेत चौथीला शिकवते. दुपारची शाळा. साडेबाराला भरते, साडेपाचला सुटते. आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. बाईंची चूक! कान टवकारले ना लगेच? पण थांबा. त्या आधी एक गोष्ट ऐकावी लागेल, आणि ती गोष्ट आहे चीनमधली.

झालं असं, की माझ्या वर्गात एक मुलगी आहे. नाव नाही सांगत. हुशार, बोलकी, अक्षर मोत्यासारखं. पण गेल्या पावसाळ्यात तिला एक सवय लागली. दुपारचे तीन वाजले की डुलकी! मान हळूहळू खाली, खाली... आणि टक्कन बाकावर. सगळा वर्ग हसायचा.

एक दिवस मी तिला उभं केलं. "काय गं, रात्री काय करतेस?"

"बाई, आईच्या मोबाईलवर मालिका बघते."

"कसली मालिका?"

झालं! झोप कुठल्या कुठे पळाली आणि ती सांगू लागली. चीनमधली मालिका होती, हिंदीत बोलणारी. ढगांवर राजवाडे. तिथले लोक कधी मरत नाहीत. तलवारीवर उभं राहून आकाशात उडतात. स्वर्गाचा एक युवराज असतो आणि त्याला आवडते खालची, म्हणजे पृथ्वीवरची, एक साधी मुलगी. पण स्वर्गाचा कायदा असा, की अमर लोकांनी माणसांशी लग्न करायचं नाही. युवराजानं गादी सांभाळायची, राक्षसांशी लढायचं, बस्स! कायदा मोडला की डोक्यावर वीज.

"मग काय झालं?" एका मुलानं विचारलं.

"माहीत नाही. साठ भाग आहेत. मी अठराव्यात आहे."

आता मीही थोडी चौकशी केली. मुलांनो, चीनमध्ये अशा अमर लोकांना 'शियान' म्हणतात. चिनी लिपीत हा शब्द लिहिताना दोन चिन्हं एकत्र येतात. एक 'माणूस' आणि दुसरं 'डोंगर'. डोंगरात जाऊन तप करणारा माणूस म्हणजे शियान! आपले ऋषी नाही का हिमालयात जात? आणि देवलोक-माणसांचं प्रेम तरी आपल्याला कुठे नवीन आहे! उर्वशी अप्सरा आणि पुरूरवा राजा यांची कथा ऋग्वेदाइतकी जुनी आहे.

म्हटलं, मुलांना मालिका एवढी आवडते, तर तिचं मूळ सांगू या. कारण अशा सगळ्या मालिकांची पणजी शोभेल अशी एक चिनी लोककथा आहे. तिच्यातल्या दोन ताऱ्यांचा उल्लेख अडीच हजार वर्षांहून जुन्या चिनी गीतांमध्ये सापडतो. आणि गंमत म्हणजे तिची नायिका आमच्या भिवंडीची शोभावी अशी. ती चक्क मागावर बसते!

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट वर्गात सांगितली. तुम्हीही ऐका.

आकाशात एक नदी आहे. तिच्या पूर्वेच्या काठावर स्वर्गाच्या सम्राटाची मुलगी राहायची. तिचं नाव झीन्यू, म्हणजे 'विणणारी मुलगी'. राजकन्या खरी, पण आराम मुळीच नाही. दिवसभर माग आणि ती. ती विणायची ढगांचं कापड. सकाळचा गुलाबी ढग, संध्याकाळचा केशरी ढग, सगळा तिच्या हातचा माल! देव तेच कापड घालायचे. काम इतकं, की बिचारीला वेणीफणी करायलाही वेळ मिळायचा नाही.

शेवटी बापालाच दया आली. नदीच्या पश्चिमेला एक गुराखी राहायचा, न्यूलांग. कष्टाळू, सरळ. सम्राटानं दोघांचं लग्न लावून दिलं. दोघं इतकी आनंदात राहिली, इतकी आनंदात राहिली, की माग पडला बंद! जाळ्या धरल्या त्याच्यावर. आकाशात नवे ढग येईनात. तिकडे गाईगुरंही मोकाट सुटली. सम्राट भडकला. त्यानं मुलीला ओढून पुन्हा पूर्वेच्या काठावर आणलं आणि हुकूम सोडला, "तू या काठाला, तो त्या काठाला. वर्षातून फक्त एकदा भेटायचं. सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री!"

ही झाली जुनी गोष्ट. पुढे लोकांनी ती आणखी रंगवली. त्या गोष्टीत गुराखी पृथ्वीवरचा गरीब, पोरका मुलगा. त्याचा म्हातारा बैल बोलतो! राजकन्या चोरून पृथ्वीवर येते, त्याच्याशी लग्न करते, त्यांना एक मुलगा नि एक मुलगी होते. स्वर्गाला ही बातमी कळते आणि तिला पकडून नेतात. तेव्हा बैल म्हणतो, "मी आता मरणार. माझं कातडं पांघर, म्हणजे तुला उडता येईल." गुराखी दोन टोपल्यांत दोन पोरं बसवतो, टोपल्या कावडीला लावतो, कावड खांद्यावर घेतो आणि निघतो आकाशात! आता पोचणार, हात लागणार, एवढ्यात स्वर्गाची राणीमाता केसातली सोन्याची पिन काढते आणि आकाशावर एक रेघ ओढते. सर्रर्र! त्या रेघेची झाली नदी. रुंद, खळाळती. दोघं दोन काठांवर.

मग त्यांचं रडणं ऐकून मॅगपाय पक्षी येतात. मॅगपाय म्हणजे काळा-पांढरा, कावळ्याच्या कुळातला पक्षी, आपल्या टकाचोराचा भाऊबंद म्हणा ना. हजारो मॅगपाय पंखाला पंख लावून नदीवर पूल बांधतात आणि वर्षातून एक रात्र त्या पुलावर सगळं कुटुंब भेटतं. त्या रात्री पाऊस आला, तर चीनमधली माणसं म्हणतात, हे त्यांच्या डोळ्यांतलं पाणी. आणि पुढे काही दिवस मॅगपायच्या डोक्यावरची पिसं गळलेली दिसली, तर म्हणतात, पूल झाल्यामुळे टक्कल पडलं!

मुलं खो-खो हसली. मी फळ्यावर खडूनं नदी काढली, दोन्हीकडे दोन चांदण्या काढल्या आणि विचारलं, "सांगा, यात चूक कोणाची?"

मग काय विचारता! निम्मी मुलं म्हणाली, राजकन्येची. तिनं काम का सोडलं? काही म्हणाली, गुराख्याची. एकानं बैलाला दोष दिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, त्याचे वडील मागावर आहेत. म्हणाला, "बाई, वर्षाला एकच सुट्टी? आमच्या मागाला पण शुक्रवार असतो!"

सगळ्या वर्गात हशा. मीही हसले. डी.एड.ला असताना आम्हाला शिकवलं होतं, गोष्ट झाली की तात्पर्य काढून घ्यावं. सराव पाठाला तात्पर्य राहिलं, तर मार्क कापायचे. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आपले काम सोडून देणाऱ्यावर पस्तावण्याची वेळ येते.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

एवढ्यात त्या मुलीनं हात वर केला.

"बाई, त्या पक्ष्यांना दुखत नसेल?"

"कोणत्या पक्ष्यांना?"

"पुलाच्या. त्यांच्या डोक्यावरून चालतात ना सगळे."

पुन्हा हशा. तास संपायला आला होता, गणित राहिलं होतं. मी म्हटलं, "अगं, ती गोष्ट आहे. गोष्टीत कुणाला दुखत नाही. बस खाली."

ती बसली. आणि तीन वाजता, अगदी वेळेवर, तिची मान बाकावर टेकली.

मला आला राग. आत्ताच तर तात्पर्य लिहून दिलं होतं! तिची वही ओढली आणि लाल शाईनं लिहिलं, 'वर्गात झोपते. रात्री मोबाईल देऊ नये. पालकांची सही आणावी.' तिनं काही न बोलता वही दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वह्या तपासायला घेतल्या. तिनं चुकून कच्ची वही दिली होती की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही. माझा लाल शेरा मी घाईत त्याच कच्च्या वहीत लिहिला होता. त्याच्याखाली सही हवी होती. सही होती, पण तिच्यावर आणखीही काही लिहिलेलं होतं. दोन वेगळी अक्षरं.

पहिलं अक्षर आईचं. 'बाई, मोबाईलची चूक नाही. रात्री मी आले की तिच्याशी बोलत बसते. तिला मीच जागी ठेवते.'

त्याच्याखाली दुसरं, वाकडंतिकडं. 'नाही बाई. सकाळी मी पण तिला झोपू देत नाही. माझी पण चूक आहे.'

मी पान उलटलं. मागच्या पानांवर गणितं होती, पण समासात, कोपऱ्यात, सगळीकडे तीच दोन अक्षरं.

'चपलेचा अंगठा शिवून आणला.'

'पाय अजून दुखतो का? तेल वरच्या फळीवर आहे.'

'आज भाजी छान झाली होती.'

'आज लवकर झोपा. डोळे लाल दिसत होते म्हणाली.'

मी वही मिटली. दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं झालं. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं. या वेळी उभं नाही केलं, शेजारी बसवलं.

मग हळूहळू सगळं कळलं. तिचे पप्पा मागावर रात्रपाळीला. संध्याकाळी साडेसातला निघतात, सकाळी आठच्या पुढे घरी येतात. आई एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला. सकाळी साडेसहाला निघते, रात्री साडेआठला येते. पप्पांची सुट्टी शुक्रवारी, आईची रविवारी. एक घर, दोघांचं. पण दोघं एका वेळी घरात जागे आहेत, असं क्वचितच घडतं!

"अगं, मग फोन आहेत ना?"

"गोडाऊनमध्ये आईचा मोबाईल गेटवर ठेवून घेतात. मागावर पप्पांना ऐकू येत नाही. रात्री आई करते कधीकधी. पण बाई, फोनवर ते पैशाचं बोलतात. वहीत बाकीचं."

वहीत बाकीचं! मुलांनो, मी इतकी वर्षं भाषा शिकवते, पण पत्र कशासाठी लिहायचं हे मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

आणि वहीत मावत नाही ते सगळं ही सांगायची. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत जागून आईला सांगायची, पप्पा काय बोलले, किती जेवले, हसले का. पहाटे साडेपाचला पाणी येतं, तेव्हा आईबरोबर उठून हंडे भरायची. आठ वाजता पप्पा आले, की त्यांना आईचं सगळं सांगायची. आई आज कशावर हसली, हे करूनसुद्धा दाखवायची. मालिका बघायची ती आई स्वयंपाक करताना अर्धा तास. बस्स.

मला एकदम आठवलं, "बाई, त्या पक्ष्यांना दुखत नसेल?"

तिनं मला मॅगपायचं विचारलंच नव्हतं हो. आणि मी म्हटलं होतं, गोष्टीत कुणाला दुखत नाही!

त्या रात्री मला झोप लागली नाही. माग चालू होते तरी. मनात पुन्हा पुन्हा ते फळ्यावरचं तात्पर्य येत होतं. 'आपले काम सोडून देणाऱ्यावर...' या दोघांनी कुठे काम सोडलं होतं? उलट दोघंही काम सोडत नव्हते, म्हणूनच तर मध्ये नदी होती! आणि तो सम्राट. मुलगी वर्षानुवर्षं मागावर बसली होती, तोवर त्याला कापड दिसत होतं. माग थांबला, तेव्हा कुठे त्याला मुलगी दिसली. तीसुद्धा शिक्षा करायला. मी तरी दुसरं काय केलं? मुलीची मान बाकावर टेकलेली दिसली. ती कशानं टेकली, ते बघितलंच नाही.

कर्तव्य महत्त्वाचं नाही, असं मी म्हणत नाही हं. माग थांबला, तर घरात चूल कशी पेटणार? त्या गोष्टीतल्या राजकन्येनं आणि गुराख्यानं कामाकडे पाठ फिरवायला नको होती, हेही खरंच. पण काम करणाऱ्याला आपल्या माणसांशी दोन शब्द बोलायला मिळावेत, हेही तितकंच खरं. मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला होता ना, मागालाही शुक्रवार असतो. स्वर्गाच्या सम्राटाला जे सुचलं नाही, ते चौथीतल्या पोराला सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर पुन्हा नदी काढली. म्हटलं, "मुलांनो, परवा मी लिहून दिलेलं तात्पर्य खोडा." मुलं बघतच राहिली. बाई खोडायला सांगतात! "आणि पक्ष्यांना दुखतं. मी चुकीचं सांगितलं होतं." ती मुलगी काही बोलली नाही. फक्त खोडरबर काढून अगदी मन लावून खोडू लागली.

तिच्या आईला मी रविवारी भेटले, पप्पांना शुक्रवारी. काय करणार, आमच्या पालकसभेलासुद्धा दोघं कधी एकदम येऊ शकले नव्हते. दोघांनाही एकच सांगितलं. "तुमची मुलगी हुशार आहे, प्रेमळ आहे. पण तिला रात्री साडेनऊला झोपू द्या. पाण्यालाही उठवू नका."

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई, ती सांगते ना, तेव्हा वाटतं घरात सगळे आहेत." मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं का?

पण उत्तर त्यांनीच शोधलं. आता त्यांच्या घरात दाराच्या मागे खिळ्याला एक वेगळी वही टांगलेली आहे, सुतळीनं. पेन्सिलही तिलाच बांधलेली. आई आणि पप्पा आपापलं त्यात लिहितात. मुलीच्या वहीत आता फक्त गणितं. ती म्हणते, "बाई, त्यांचं अक्षर सुधारतंय. पण पप्पा अजून ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. मी लाल पेननं दुरुस्त करते!" घ्या! माझी लाल शाई कुठे जाऊन पोचली बघा.

आता तुम्हाला आकाशाकडे न्यायचं आहे. कारण ही गोष्ट नुसती गोष्ट नाही, ती डोळ्यांनी दिसते! गोष्टीतली राजकन्या म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे आपला श्रवण तारा. चीनमध्ये आकाशगंगेला 'चंदेरी नदी' म्हणतात. आपणही गंगाच म्हणतो की! दोन देशांतल्या माणसांनी वर बघितलं आणि दोघांनाही नदीच दिसली.

श्रवणाच्या दोन बाजूंना जवळजवळ एका ओळीत दोन अंधूक तारे आहेत. चिनी आजी म्हणते, ही गुराख्याच्या कावडीतली दोन पोरं. आणि आपली आजी काय म्हणते? हा श्रवणबाळ आणि ही त्याच्या कावडीतली आई नि बाबा! तेच तीन तारे, तीच कावड. तिकडे बाप मुलांना वाहतो, इकडे मुलगा आईबापांना. मला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कधी ते आपल्याला उचलतात, कधी आपण त्यांना.

आणखी एक गंमत. आपल्या श्रावणाचं नाव या श्रवण नक्षत्रावरूनच पडलं आहे. कारण त्या महिन्यातल्या पौर्णिमेला चंद्र या नक्षत्राच्या आसपास असतो. चिनी महिनाही आपल्यासारखाच अमावास्येपासून मोजतात. त्यामुळे त्यांची ती सातवी रात्र, तिला ते 'छीशी' म्हणतात, बहुतेक वर्षी आपल्या नागपंचमीनंतर एक-दोन दिवसांतच येते. २०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला होती आणि छीशी १० ऑगस्टला! इकडे माहेरवाशिणी झोके घेतात, तिकडे पूर्वी मुली चंद्राच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या आणि त्या विणकरणीकडे मागायच्या, 'आमच्याही हातात कसब येऊ दे.' २००६ साली चीननं या सणाला आपला राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिला. जपानमध्ये तो 'तानाबाता' झाला. तिथं मुलं रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात.

श्रावणात मात्र आपल्याकडे आकाश ढगांनी भरलेलं. तारे दिसणार कसे? म्हणून मी दिवाळीपर्यंत थांबले. लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांनी, माग बंद, गोडाऊनही बंद. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी वर्गाला बोलावलं. म्हटलं, आईबाबांनाही आणा. कुणी गावी गेलेले, पण पंधरा-सोळा मुलं आली. आणि ती मुलगी आली. एका हाताला आई, एका हाताला पप्पा. मी त्या दोघांना एकत्र प्रथमच बघत होते.

साडेसात वाजले होते. वायव्येकडे निळसर पांढरा, झगझगीत अभिजित. त्याच्या डावीकडे, बराच वर, श्रवण. उत्तरेला उंच हंस पुंजाचा ठळक तारा. तिघांचा मिळून मोठा त्रिकोण होतो. हंस तर आकाशगंगेच्या पात्रातच आहे, म्हणून काही जण त्यालाच पक्ष्यांचा पूल मानतात.

मी शास्त्रही सांगितलं. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरीही अभिजितचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ वर्षं लागतात आणि श्रवणाचा यायला सुमारे १७ वर्षं. त्या दोघांमध्येच सुमारे १५ प्रकाशवर्षांचं अंतर आहे. म्हणजे राजकन्येनं 'जेवलास का?' असं प्रकाशाच्या दिव्यानं विचारलं, तर प्रश्न पोचायला १५ वर्षं आणि 'हो' यायला आणखी १५!

"बाप रे!" मागून कुणाचे तरी बाबा म्हणाले. मुलांपेक्षा मोठ्यानं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "बाई, पण नदी कुठंय?"

खरंच की! भिवंडीचे दिवे, रस्त्यांचे दिवे, फटाक्यांचा धूर. आमच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसतच नाही. ती बघायची, तर लांब डोंगरात, काळोखात जायला हवं. मी तसं सांगितलं. ती थोडा वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "नाही दिसली तर बरंच आहे."

कुणी काही बोललं नाही. तिचे आई आणि पप्पा दोन बाजूंना उभे होते, मध्ये ती. सगळे वर बघत होते. मी मात्र जरा वेळ खालीच बघत होते, त्या तिघांकडे.

मग आईनं डबा उघडला. चकल्या होत्या. पप्पा म्हणाले, "बाई, घ्या. दोघांनी मिळून केल्या. सोऱ्या मी फिरवला!" आणि हे त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांच्या मुलीला सांगावं लागलं नाही. तिचं तोंड चकलीनं भरलेलं होतं.

तर बालमित्रांनो, या वेळी मी तात्पर्य लिहून देणार नाही. त्याऐवजी दोन कामं देते. पहिलं काम. पाऊस सरला, आकाश निवळलं, की संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात जा. अभिजित, श्रवण आणि हंसाचा त्रिकोण शोधा. श्रवणाच्या बाजूचे दोन छोटे तारे दिसले, तर आजीला विचारा, कावडीत कोण आहे?

दुसरं काम थोडं अवघड आहे. तुमच्या घरात कोण कुणाला कधी भेटतं, ते आठवडाभर बघा. कुणी रात्रपाळीला असेल, कुणी पहाटेच्या लोकलला. मध्ये नदी असेल, तर एक वही आणि एक सुतळी पुरते.

आणि आईबाबांनो, हे पान तुम्हीही वाचत असाल, म्हणून तुम्हालाही एक विनंती. तुमच्या घरातला पूल जर सात-आठ-नऊ वर्षांचा असेल, तर त्याला रात्री वेळेवर झोपवा.

तुमच्या,
टेमघरच्या बाई